बर्न्टआयलंड पॅरिश चर्च

बर्न्टआयलंड पॅरिश चर्च : स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील एक ऐतिहासिक चर्च. फोर्थच्या खाडीच्या उत्तर किनाऱ्यावर, एडिंबरोच्या समोर, बर्न्टआयलंड हे बंदर वसलेले आहे. धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमध्ये नव्याने उभारलेल्या आणि आजही टिकून असलेल्या सर्वांत जुन्या चर्चांपैकी हे एक. सेंट कोलंबा चर्च असेही त्याचे नाव आहे.

गावाचे मूळ चर्च किनाऱ्यापासून आत, किर्कटन येथे होते. 1243 मध्ये बिशप डेव्हिड डी बर्नहॅम यांच्या हस्ते त्याची प्रतिष्ठापना झाली. त्याचे अवशेष अजून पाहता येतात. पुढे पाचव्या जेम्स राजाच्या काळात बंदराला शाही नगराचा दर्जा मिळाला, व्यापार वाढला आणि वस्ती धक्क्याभोवती एकवटली. तेव्हा नागरिकांनी बंदरालगतच्या उंचवट्यावर नवे चर्च बांधायला घेतले. साल होते 1592.

या वास्तूचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे तिचा चौरस आराखडा. मध्ययुगीन चर्च लांबट असे; पूर्वेच्या टोकाला वेदी आणि तिच्याकडे तोंड करून उभा असलेला जनसमुदाय, अशी त्याची रचना होती. 1560 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने पोपची सत्ता झुगारली आणि मासची उपासना बंद केली. त्यानंतर उपासनेत बायबलचे वाचन आणि प्रवचन यांना पहिले स्थान मिळाले. प्रत्येकाला शब्द नीट ऐकू यावा, ही आता मुख्य गरज होती. बर्न्टआयलंडच्या बांधकाऱ्यांनी तिचे उत्तर थेट दगडात दिले. मध्यभागी चार भक्कम खांब, त्यांना जोडणाऱ्या कमानी, त्यांवर मनोरा आणि चारही बाजूंना बैठका. त्यामुळे प्रवचनकार लोकांच्या मधोमध आला. ॲमस्टरडॅमच्या नोर्डरकेर्क या चर्चवरून हा नमुना उचलला, अशी समजूत जुनी आहे. पण ते चर्च 1620 नंतरचे असल्यामुळे ती टिकत नाही. मूळचा लाकडी मनोरा जाऊन त्याच्या जागी सध्याचा दगडी मनोरा अठराव्या शतकाच्या मध्यास उभा राहिला.

आत शिरताच नजर जाते ती रंगीत सज्जांकडे. खलाशी, शिंपी, पाव भाजणारे, धातुकाम करणारे अशा व्यावसायिक संघांचे सज्जे वेगवेगळे होते आणि कठड्यांवर त्यांनी आपापल्या धंद्याची चिन्हे रंगवून घेतली. यांत सर्वांत देखणा सज्जा खलाशांचा : त्याच्या फळ्यांवर सतराव्या शतकातील गलबते आणि नौकानयनाची साधने दिसतात. या सज्जाला बाहेरून स्वतंत्र जिना आहे. भरतीची वेळ झाली की प्रवचनात व्यत्यय न आणता खलाशांना थेट धक्क्यावर जाता यावे, म्हणून ही सोय केली, असे गावात सांगतात. समुद्रावर जगणाऱ्या गावाची दिनचर्या वास्तूत अशी उतरलेली क्वचितच आढळते. रॉसेंड किल्ल्याचे सर रॉबर्ट मेलव्हिल यांच्यासाठी 1606 मध्ये केलेले छतयुक्त, कोरीव लाकडी आसनही येथे आहे. नंतर ते नगराधिकाऱ्यांकडे आले.

मे 1601 मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडची सर्वोच्च सभा, म्हणजे जनरल असेंब्ली, येथे भरली. सहावा जेम्स राजा स्वतः हजर होता. बायबलच्या प्रचलित इंग्रजी भाषांतरात सुधारणा व्हावी, हा विचार या सभेत मांडला गेला. 1603 मध्ये जेम्स इंग्लंडच्याही गादीवर आला, 1604 च्या हॅम्प्टन कोर्ट परिषदेत नव्या भाषांतराचा निर्णय झाला आणि 1611 मध्ये ते प्रसिद्ध झाले. किंग जेम्स बायबल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या ग्रंथाने इंग्रजी गद्यावर शतकानुशतके प्रभाव गाजवला.

ऐतिहासिक वास्तूंच्या अधिकृत सूचीत या चर्चला ‘अ’ वर्ग, म्हणजे सर्वोच्च दर्जा, देण्यात आला आहे.