थरथरणारा हात: घट्ट बांधायचा की आधार द्यायचा?

जुन्नर-आंबेगाव भागात लग्नघरी किंवा मंचरच्या बाजारात कुणाच्या हातातला चहा बशीत सांडला, की लोक म्हणतात, "वय झालं" किंवा त्याहून वाईट, "घेतली असेल!" मग तो माणूस चारचौघांत चहा घेणेच सोडतो. "डॉक्टर, हाताला बांधायचा पट्टा मिळतो, तो घेऊ का?" असे तुम्ही विचारता. उत्तर इतिहासात आहे.

आयुर्वेदात याला 'कंपवात' म्हटले आहे. 1817 मध्ये लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले. पण प्रत्येक कंप पार्किन्सनचा नसतो. पार्किन्सनमध्ये हात बहुधा मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो, सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा. 'इसेन्शियल ट्रेमर'मध्ये मात्र कप उचलताना, सही करताना थरथरतो.

साधा विचार म्हणजे मनगट घट्ट बांधणे. पण मग कंप कोपर-खांद्याकडे सरकू शकतो आणि हातही कामाचा राहत नाही. म्हणून अभियंत्यांनी वेगळी युक्ती काढली. आपली हेतुपूर्वक हालचाल संथ असते, कंप जलद. दाराला लावलेला 'डोअर क्लोजर' हळू ढकलला तर वाट देतो, जोरात ढकलला तर अडतो. तसाच पट्टा हवा. स्पेनमधील संशोधकांनी 2007 मध्ये मोटर बसवलेल्या अशा आधाराचे निष्कर्ष मांडले. कंप कमी झाला, पण हातावर अवजड ओझे आले. 2018 मध्ये अमेरिकेत इसेन्शियल ट्रेमरसाठी मनगटावरच्या उपकरणाला परवानगी मिळाली. ते हात दाबत नाही, मनगटातील नसांना सौम्य विद्युत उत्तेजन देते.

पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी तर हाताला हातच लावला नाही. त्यांच्या नात्यातल्या पार्किन्सन झालेल्या वडीलधाऱ्यांनी लाजेपोटी बाहेर चहा-कॉफी सोडली होती. सोनेजींनी वरची कड आत वळवलेला कप बनवला. हिंदकळलेला चहा पुन्हा आतच पडतो. 2015 मध्ये नेदरलँड्समधील भाषणात त्यांनी ही गोष्ट सांगितली.

म्हणून पट्टा मागवण्याआधी कारण शोधा. थायरॉइड किंवा दम्याच्या काही औषधांनीही हात थरथरतो. नंतर तुमच्या हाताच्या मापाचा आणि तुमच्या कामाला साजेसा आधार ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून करून घ्या. मुंबईत हाजी अलीला 1955 पासून अशी सरकारी पुनर्वसन संस्था आहे. पट्ट्याने बोटे बधिर झाली, सुजली किंवा कातडी लाल झाली, तर तो लगेच काढा.

आणि कुणाचा कप हलताना दिसला, तर त्याला अर्धाच भरून द्या. टक लावून पाहू नका.