मान हलते, तेल येत नाही

बडोद्यास नेमणुकीवर असताना कामानिमित्त गुजरातेतल्या तेलक्षेत्रांत अनेकदा जाणे होई. १९५८ मध्ये लुणेजला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले, तेव्हापासून कापसाच्या नि एरंडाच्या शेतांमधून संथपणे मान खाली-वर करणारे पंप हा त्या प्रदेशाचा नित्याचा देखावा झाला आहे. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी वाचकांनी ते आगगाडीच्या खिडकीतून पाहिलेही असतील. १९९८ च्या हिवाळ्यात अशाच एका विहिरीच्या रजिस्टरमध्ये सलग अकरा दिवस 'चालू' असा शेरा माझ्या वाचनात आला. पंप खरोखरच चालू होता. फक्त जमिनीखाली पोलादी रॉड तुटलेला होता, आणि त्या अकरा दिवसांत तेलाचा थेंबही वर आला नव्हता.

कोणी खोटे लिहिले होते असे म्हणता येणार नाही. पंप चालू आहे काय, एवढेच रजिस्टर विचारीत होते. अनेक विहिरींचे तेल एका संकलन केंद्रात एकत्र येते. प्रत्येकीची स्वतंत्र चाचणी आळीपाळीने होते आणि मधल्या दिवसांचे उत्पादन मागच्या चाचणीवरून वाटून दाखवले जाते. त्यामुळे बंद पडलेल्या विहिरीच्या नावावरही कागदोपत्री तेल जमा होत राहते. शेतात पाऊल न टाकता गेल्या वर्षीचेच पीक सातबाऱ्यावर चढलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

खोलवरच्या पंपाचे काय चालले आहे हे वरून ओळखण्याचा प्रश्न तसा जुना. रॉडवरचा भार आणि त्याची वर-खाली हालचाल यांचा आलेख काढला, की प्रत्येक फेरीला एक बंद आकृती उमटते. तिला 'कार्ड' म्हणतात. १९३६ मध्ये अमेरिकेत गिल्बर्ट यांनी मोजणीचे यंत्र थेट खाली पंपापाशीच बसवले. पंप पूर्ण भरत असेल तर तिथली आकृती जवळपास चौकोनी निघते. अर्धवट भरत असेल तर उजवीकडचा खालचा कोपरा कापल्यासारखा दिसतो. पण प्रत्येक विहिरीत यंत्र उतरवणे कोणाला परवडणार? आणि वर काढलेली आकृती फसवी. कारण लांबलचक रॉड स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि खालचा धक्का लाटेसारखा वर येईपर्यंत त्याचे रूप पालटते. शेल कंपनीतले गिब्ज यांनी १९६३ मध्ये या लाटेचे गणित संगणकासाठी मांडले, आणि १९६६ मध्ये नीली यांच्यासह वरच्या नोंदीवरून खालची आकृती काढण्याची रीत प्रसिद्ध केली. तेलक्षेत्रातल्या डिजिटल युगाचा आरंभ मी येथून धरतो. सेन्सर, पंप रिकामा पडताच मोटर थांबवणारे नियंत्रक, दूरवरून विहिरी पाहणारी स्काडा प्रणाली, हे सारे पुढचे.

म्हणजे गणित १९६६ चे आणि मी पाहिलेले रजिस्टर १९९८ चे. मधली बत्तीस वर्षे केवळ यंत्रांच्या किमतीने खाल्ली असे मला वाटत नाही. विहिरीचा रोजचा खरा आकडा वर पोचू लागला, की वाटून दाखवलेले उत्पादन उघडे पडते. तशी घाई कोणत्या कचेरीला असते? माझ्याही कचेरीला नव्हती. असो.

दहा वर्षांनी त्याच विहिरीवर जाण्याचा योग आला. रॉडवर भारमापक बसला होता आणि केंद्रातल्या पडद्यावर कार्ड उमटत होते. निवृत्तीला आलेल्या ऑपरेटरने ते मला कौतुकाने दाखवले. मग बाहेर नेऊन विहिरीकडून येणाऱ्या नळीवर हात ठेवायला सांगितले. "तेल वाहत असेल तर कोमट लागते, साहेब." महिन्यापूर्वी भारमापक बिघडला, तेव्हा पडदा दोन दिवस जुनीच आकृती दाखवीत राहिला होता. विहीर थांबल्याचे त्यांना हातानेच कळले.

रजिस्टर अजून होते. 'चालू' च्या शेजारी त्यांनी पेन्सिलीने एक जास्तीचा रकाना आखला होता: 'नळी गरम?' आदल्या रात्रीच्या शिफ्टपुढे तो कोरा होता.