उन्हाळ्यातली पदवी : गणितशिक्षक पुन्हा विद्यार्थी होतो तेव्हा

शिक्षणाच्या इतिहासात मोठमोठ्या आयोगांची नावे आपण वाचतो. पण शाळेच्या सुट्टीचाही एक इतिहास आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. आज आपण त्यातला एक छोटा धागा उलगडणार आहोत. माध्यमिक शाळेत गणित शिकवणारे शिक्षक उन्हाळ्यात विद्यापीठात येतात, तीन-चार उन्हाळे असेच येत राहतात आणि शेवटी पदव्युत्तर पदवी घेऊन जातात. ही पद्धत अमेरिकेत रुजली. ती तिथेच का रुजली आणि तिने काय साधले, हे बघू.

सुरुवात मात्र जर्मनीपासून करावी लागेल. फेलिक्स क्लाइन हे ग्योटिंगेनचे पहिल्या प्रतीचे गणिती. १८९५ मध्ये त्यांनी गणित-विज्ञानाच्या शिक्षकांच्या मेळाव्यासाठी भूमितीतल्या प्रसिद्ध प्रश्नांवर व्याख्याने दिली : घनाचे घनफळ दुप्पट करणे, कोनाचे तीन समान भाग करणे, वर्तुळाइतक्या क्षेत्रफळाचा चौरस काढणे. हे सगळे फक्त पट्टी-कंपासने का होत नाही, हा विषय. पुढे १९०८ मध्ये त्यांचे ‘उच्च दृष्टिकोनातून प्राथमिक गणित’ हे पुस्तक येऊ लागले. त्यात त्यांनी शिक्षकाच्या आयुष्यातल्या दोन तुटींवर बोट ठेवले आहे. मुलगा शाळेतून विद्यापीठात जातो, तेव्हा तिथल्या गणिताचा शाळेच्या गणिताशी काही संबंध त्याला दिसत नाही. ही पहिली तूट. तोच मुलगा शिक्षक होऊन शाळेत परततो, तेव्हा विद्यापीठात शिकलेले त्याला वर्गात कुठेच वापरता येत नाही, आणि त्याला लहानपणी जसे शिकवले गेले तसेच तो शिकवू लागतो. ही दुसरी. आज शंभराहून अधिक वर्षांनीही हे निदान आपल्याला ओळखीचे वाटते की नाही?

आता अमेरिका. १८९२ मध्ये शिकागो विद्यापीठ सुरू झाले. विल्यम रेनी हार्पर हे तिथले पहिले अध्यक्ष. त्यांनी वर्षाचे चार भाग केले आणि उन्हाळ्याचा भागही इतर तीन भागांच्या बरोबरीचा मानला. म्हणजे उन्हाळ्यात शिकलेलेही पदवीसाठी धरले जाऊ लागले. शिक्षकाला नोकरी न सोडता पदवीची वाट मोकळी झाली.

दुसरे कारण पगाराचे. १९२१ च्या सुमारास डेन्व्हर आणि दे मॉइन या शहरांनी सर्व शिक्षकांसाठी एकच वेतनश्रेणी आणली. शिक्षक प्राथमिकचा आहे की माध्यमिकचा, हे बघायचे नाही. सेवेची वर्षे किती आणि पदवी कोणती, एवढेच बघायचे. न्याय्य गोष्ट होती. प्राथमिक शाळांत बहुतेक स्त्रियाच शिकवत आणि त्यांना कमी पगार मिळे. पण त्याचबरोबर पदवी म्हणजे पगारवाढ हे समीकरण पक्के झाले. आपल्याकडच्या वरिष्ठ आणि निवड श्रेणीचे प्रशिक्षण ज्यांनी केले आहे, त्यांना यावर जास्त सांगायला नको.

तिसरे कारण आकाशातून आले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा निधी वर्षभरात सुमारे ४ कोटी डॉलरवरून १३ कोटींच्या पुढे गेला. शिक्षकांच्या उन्हाळी संस्था आधीच सुरू झाल्या होत्या, आता त्यांना पूर आला. काही संस्था सलग उन्हाळ्यांच्या होत्या आणि त्यांच्या शेवटी पदवी होती.

मग शिक्षक तिथे शिकले काय? इथे दोन वाटा दिसतात. पहिली वाट ‘नवगणिता’ची. संच, रचना, काटेकोर भाषा असे सगळे तयार स्वरूपात शिक्षकांना दिले गेले आणि त्यांनी ते तसेच मुलांपुढे ठेवले. १९७३ मध्ये मॉरिस क्लाइन यांनी ‘जॉनीला बेरीज का येत नाही’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहून त्यावर सडकून टीका केली. (हे क्लाइन वेगळे बरे का, नावापुरतेच साम्य.)

दुसरी वाट आर्नोल्ड रॉस यांची. नोत्र दाम विद्यापीठात ते शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग घेत. १९५७ पासून शाळकरी मुलेही त्यात आली. पुढे ते ओहायो राज्य विद्यापीठात गेले. साध्या गोष्टींचा खोल विचार करा, हे त्यांचे ब्रीद. विषय संख्यासिद्धांताचा, म्हणजे पूर्णांकांचा. उदाहरणे करून बघायची, अंदाज बांधायचा, मग तो सिद्ध करायचा.

यात काय विशेष, ते एका उदाहरणाने बघू. उणे गुणिले उणे बरोबर अधिक, असे आपण मुलांना पाठ करून घेतो. का, असे एखाद्या मुलीने विचारले तर? बघा : १ आणि उणे १ यांची बेरीज शून्य. तिला उणे १ ने गुणले तरी शून्यच. कंस सोडवला तर पहिला गुणाकार उणे १ येतो. मग दुसरा, म्हणजे उणे १ गुणिले उणे १, हा अधिक १ असल्याशिवाय बेरीज शून्य होणारच नाही. कंस सोडवण्याचा नियम टिकवायचा असेल तर ही किंमत मोजावी लागते. हा निसर्गाचा कायदा नव्हे आणि गुरुजींचा हुकूमही नव्हे. ज्या शिक्षकाला हे स्वतः धडपडून सापडले आहे, तो त्या मुलीला ‘गप्प बस’ म्हणणार नाही.

आपल्याकडेही हे वारे आले. १९६० च्या दशकात अमेरिकी मदतीने आपल्या विद्यापीठांत शिक्षकांसाठी काही आठवड्यांच्या उन्हाळी संस्था भरल्या. महाराष्ट्र ज्या विभागात येतो, त्या भोपाळसह चार प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांनी उन्हाळी वर्ग आणि टपाल यांची सांगड घालून बी.एड.ची सोय केली. पण ती अध्यापनाची पदवी. विषयात खोल उतरणे हा तिचा हेतू नव्हता.

आता मुद्द्यावर येऊ. पदवीशी पगार जोडला की ज्ञान फाइलमध्ये जाऊन बसते, हा आक्षेप खरा आहे. पण घरसंसार सांभाळणाऱ्या शिक्षिकेने आपला उन्हाळा फुकट द्यावा, असे म्हणणारे आपण कोण? मोबदला हवाच. आमच्या मते या पदवीचे खरे मर्म तिच्या रचनेत आहे. सलग दोन वर्षे विद्यापीठात बसलेला माणूस क्लाइन यांची दुसरी तूट पदवीनंतर एकट्याने ओलांडतो. उन्हाळी पदवीत मात्र जून उजाडला की विद्यापीठ, शरद आला की वर्ग, आणि पुढच्या जूनमध्ये त्या वर्गातले प्रश्न घेऊन पुन्हा विद्यापीठ. ती तूट शिकतानाच तीनदा, चारदा ओलांडावी लागते, आणि सोबतीला गुरू असतो, बरोबरीचे शिक्षक असतात.

अर्थात रचना एकटी पुरत नाही. नवगणित शिकवणाऱ्यांकडेही उन्हाळे होते, पण त्यांनी शिक्षकाला पोस्टमन केले. सॉक्रेटिसचा सगळा खटाटोप हाच होता, की आपल्याला माहीत नाही हे आधी उमगले पाहिजे. पंधरा वर्षे फळ्यापुढे उभा असलेला माणूस बाकावर बसतो, एका गणितापाशी दोन दिवस अडतो, तेव्हा अडलेल्या मुलाकडे बघण्याची त्याची नजर बदलते. हे कोणत्याही परिपत्रकाने होत नाही.

तेव्हा आपल्याकडे शिक्षक-प्रशिक्षणाची पुढची योजना येईल, तेव्हा तास किती, प्रमाणपत्र कसले, हे जरूर विचारू या. पण त्यात शिक्षकाला अडायला वेळ ठेवला आहे का, हे आधी विचारू या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.