दिवाळे आणि धनकोचा अर्ज : मुंबई व वसई यांमधील एक सीमारेषा

मराठीत दिवाळे ‘निघते’ किंवा ‘वाजते’. माणूस स्वतःचे दिवाळे ‘काढतो’ही. सावकाराने कुळाचे दिवाळे काढले, असे म्हटल्यास त्याला नागवले एवढाच बोध होतो. न्यायालयाकडून त्यास दिवाळखोर ठरवून घेतले, असा होत नाही. ऋणकोच्या इच्छेविरुद्ध धनकोने मागावयाच्या या निवाड्याला आपल्या भाषेत रूढ क्रियापद नाही. ‘नादारी’ हा फारसी शब्दही जवळ काही नसल्याची स्थिती सांगतो, कृती नव्हे. ही उणीव अर्थपूर्ण आहे, असे मला वाटते.

या कायद्याचा आरंभही ऋणकोच्या बाजूनेच झाला. १८२८ च्या इंग्रजी कायद्याने मुंबईत न्यायालय स्थापन झाले, त्याच्या नावातच नादार ऋणकोंची ‘सुटका’ होती. मुफस्सलात, म्हणजे वसईसारख्या भागात, १८७७ व १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितांतील एका प्रकरणावर भागत असे. तेथे धनकोला अर्ज करता येई, पण हाती हुकूमनामा असला तरच. १९०७ च्या प्रांतिक नादारी अधिनियमाने ती अट गेली. पुढे मुंबई शहरासाठी १९०९ चा व मुफस्सलासाठी १९२० चा असे दोन अधिनियम शेजारी शेजारी नांदू लागले.

दोहोंतही धनकोचे किमान पाचशे रुपये येणे असावे लागते, आणि अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत ऋणकोच्या हातून एखादे ‘नादारीचे कृत्य’ घडलेले असावे लागते. या कृत्यांची यादी भाषाभ्यासकाने अवश्य वाचावी. मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणे, एकाच धनकोला झुकते माप देणे ही तर आहेतच. परंतु घर सोडून जाणे, धनको भेटू नयेत म्हणून दडून बसणे, देणी थांबविल्याचे त्यांस कळविणे हीही आहेत. देणी थकलेल्या व्यापाऱ्याने भर दिवसा दुकानात दिवा लावावा, अशी जुनी रूढी सांगतात व ‘दिवाळे’ शब्द तिच्याशी जोडतात. व्युत्पत्ती म्हणून ते खरे असो वा नसो, तो दिवा या शेवटच्या कलमात नेमका बसतो. फरक इतकाच की, रूढीत ती कबुली होती. कायद्यात ती धनकोच्या हातचा पुरावा झाली.

दोन अधिनियमांतील एक भेद वसईकराला विशेष बाधतो. १९२० च्या अधिनियमात हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत मालमत्ता प्रत्यक्ष विकली गेली पाहिजे. १९०९ च्या अधिनियमात एकवीस दिवसांची जप्तीही पुरते. आणि मुंबईच्या न्यायालयाचा अधिकार केवळ मुंबईच्या रहिवाशापुरता नाही. अर्जापूर्वीच्या वर्षात ज्याने त्या हद्दीत स्वतः किंवा आडत्यामार्फत धंदा केला, किंवा जो तेथे पोटासाठी काम करतो, तोही तिच्या कक्षेत येतो. १८६७ मध्ये विरारहून मुंबईस उपनगरी गाडी सुरू झाली आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आली. केळी वा पाने मुंबईच्या बाजारात विकणारा बागाईतदार आणि रोज लोकलने जाणारा कारकून राहतात वसईत. तथापि त्यांच्याविरुद्धचा अर्ज कोणत्या बाजूस करावा, हे धनकोने ठरवावयाचे. गाडीने रोजगार दिला, तसे दुसरे न्यायालयही दिले, हे आपल्या रेल्वेच्या इतिहासांत क्वचितच येते.

निवाडा झाला की मालमत्ता मुंबईत ऑफिशियल असाइनीकडे, मुफस्सलात न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. शेतकऱ्याचे राहते घर, अवजारे व बैल यांना जप्तीपासून जे संरक्षण आहे, ते येथेही टिकते. बागाईतदाराला हा आधार मोठा. पण १९२० च्या अधिनियमान्वये नादार ठरलेल्यास स्थानिक संस्थेत निवडून येता येत नाही वा बसता येत नाही. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली, तिलाही हे लागू पडते.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने हे दोन्ही अधिनियम रद्द करण्याची तरतूद केली आहे. परंतु व्यक्तींसंबंधीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. वसईतील किरकोळ दुकानदाराविरुद्ध त्याचा धनको न्यायालयात जातो, तेव्हा तो १९२० च्याच अधिनियमाचा आधार घेतो.