‘एक’ आणि ईश्वर : रसाइल इख्वान अल्-सफाची मुंबई आवृत्ती

हिजरी १३०५-०६ (इ. स. १८८७-८९) या काळात मुंबईतील नुख्बत अल्-अख्बार या छापखान्यातून ‘रसाइल इख्वान अल्-सफा’ हा अरबी ग्रंथ चार भागांत प्रसिद्ध झाला. दहाव्या शतकात बसऱ्याच्या एका विद्वन्मंडळाने आपली नावे गुप्त ठेवून लिहिलेल्या प्रबंधांची ही पहिली समग्र मुद्रित आवृत्ती होय. कैरोची आवृत्ती त्यानंतर बऱ्याच काळाने, १९२८ मध्ये निघाली.

यांतील पहिलाच प्रबंध अंकगणितावर आहे. धर्मतत्त्वाच्या ग्रंथाचा आरंभ बेरीज-गुणाकाराने व्हावा, हे आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. परंतु या मंडळाच्या मते संख्याज्ञान ही ईश्वरज्ञानाची पहिली पायरी होती. सर्व संख्या एकापासून निघतात; एक काढून घेतला तर कोणतीच संख्या उरत नाही, संख्या नाहीशा झाल्या तरी एक राहतोच. ईश्वर, बुद्धी, विश्वात्मा आणि मूलद्रव्य ही अस्तित्वाची उतरंड त्यांनी १, २, ३, ४ या क्रमाने लावली. ग्रीक गणिती निकोमेकस याची छाया येथे स्पष्ट दिसते.

मात्र या दृष्टांतात एक अडचण दडलेली आहे. ‘तौहीद’ म्हणजे ईश्वराचे निरपवाद एकत्व. एक ही संख्या मानली, तर तिची दुप्पट होते, तिच्यासारखी दुसरी कल्पिता येते. आणि ईश्वरास सहभागी कल्पिणे हेच इस्लाममधील सर्वांत मोठे पाप. नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदीने खलिफा अल्-मुअतसिमसाठी लिहिलेल्या आद्य तत्त्वज्ञानावरील ग्रंथात याला उत्तर दिले होते : एक ही संख्याच नव्हे, संख्येचा आरंभ दोनापासून. भारतीय अंकांच्या उपयोगावर चार भागांचा ग्रंथ लिहिणाऱ्या हिशेबी माणसाचे हे विधान आहे, हे विसरता कामा नये.

मुंबईच्या बोहरा समाजास वारशाने मिळालेली तय्यबी परंपरा ‘रसाइल’ला इमामाची कृती मानते. त्याच परंपरेत अकराव्या शतकाच्या आरंभीच्या हमीदुद्दीन अल्-किरमानीलाही मोठा मान आहे, आणि तो तर अल्-किंदीच्याही पुढे जातो. त्याच्या मते ‘एक’ हे पहिल्या निर्मित बुद्धीचे लक्षण; ईश्वर त्याही पलीकडचा. म्हणजे एका ग्रंथात जे ईश्वराचे प्रतीक, तेच दुसऱ्यात निर्मितीचे पहिले पाऊल. येमेनमध्ये इब्राहीम अल्-हामिदी (मृत्यू ११६२) याने दोन्ही विचारधारा एकत्र गुंफल्या; तो सांधा पुरता जुळला असे म्हणवत नाही.

मराठी अभ्यासकास येथे ‘अद्वैत’ शब्दाची घडण आठवेल. तोही ‘एक’ न म्हणता ‘दोन नव्हे’ एवढेच म्हणतो. ‘अमृतानुभवा’त ज्ञानदेव सत्, चित्, आनंद या पदांचीही मर्यादा दाखवतात. या साम्यावरून संपर्काचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. शिवाय फरक मूलगामी आहे : अद्वैताची वाट जीव आणि ब्रह्म यांच्या ऐक्याकडे जाते, किरमानी नेमके तेच दार बंद करतो. त्याच्या दृष्टीने पहिल्या बुद्धीलादेखील ईश्वराविषयी कळते ते आपले असामर्थ्य.