मोबाइल ॲप की मोबाइल वेब : स्पर्धेकडून सहअस्तित्वाकडे

स्मार्टफोनवरून सेवा देण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. ॲप स्टोअरमधून घेऊन फोनमध्ये ठेवले जाते ते ॲप; ब्राउझरमध्ये पत्ता लिहिताच उघडते ते मोबाइल संकेतस्थळ. यांपैकी भविष्य कोणाचे, हा वाद स्मार्टफोनइतकाच जुना आहे. २००७ मध्ये ॲपलने पहिला आयफोन आणला, तेव्हा बाहेरील विकासकांनी त्यासाठी वेबवर आधारित सेवाच तयार कराव्यात, अशी कंपनीची भूमिका होती. जुलै २००८ मध्ये सुमारे ५०० ॲपसह ॲप स्टोअर सुरू झाले आणि पारडे ॲपच्या बाजूने झुकले.

या वादाची मोठी कसोटी भारतात लागली. २०१५ मध्ये फ्लिपकार्टने मोबाइल संकेतस्थळ बंद करून ग्राहकांना ॲपकडे वळवले. त्याच समूहातील मिंत्रा या कंपनीने मे २०१५ मध्ये संगणकावरील संकेतस्थळही बंद केले. हा प्रयोग टिकला नाही. फ्लिपकार्टने नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘फ्लिपकार्ट लाइट’ या नावाने मोबाइल वेबवर पुनरागमन केले, तर मिंत्राचे मोबाइल संकेतस्थळ फेब्रुवारी २०१६ मध्ये आणि संगणकावरील संकेतस्थळ जून २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. कमी साठवणक्षमतेचा फोन आणि मंद इंटरनेट वापरणाऱ्या, तसेच वर्षातून एखादीच खरेदी करणाऱ्या ग्राहकावर ॲपची सक्ती करता येत नाही, हा त्यातील धडा होता.

‘फ्लिपकार्ट लाइट’ हे ‘प्रोग्रेसिव्ह वेब ॲप’ या तंत्राचे आरंभीचे उदाहरण ठरले. यात संकेतस्थळाचा आवश्यक भाग ब्राउझरच फोनमध्ये साठवून ठेवतो. त्यामुळे जोडणी क्षीण असतानाही पाने उघडतात आणि संकेतस्थळाचे चिन्ह फोनच्या मुख्य पडद्यावर ठेवता येते. आयफोनवर मात्र अशा वेब ॲपना सूचना पाठविण्याची मुभा मार्च २०२३ मध्ये मिळाली.

काही कामांत ॲपला आजही सक्षम पर्याय नाही. यूपीआय व्यवहारासाठी मोबाइल क्रमांक, सिमकार्ड आणि विशिष्ट फोन यांची सांगड घालावी लागते. त्यासाठी ॲप फोनमधूनच लघुसंदेश पाठवते. ब्राउझरला हे अधिकार नसतात. मोठे खेळ आणि सतत चालणारी दिशादर्शन सेवा यांनाही ॲपच सोयीचे पडते.

तथापि, प्रश्न केवळ सोयीचा नाही. प्रवेशद्वारावर नियंत्रण कोणाचे, हाही आहे. प्ले स्टोअरमधील देयकविषयक अटींबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला; अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये तो सुमारे २१६ कोटींवर आणला. दरम्यान, शुल्काच्या वादातून मार्च २०२४ मध्ये विवाह जुळविणाऱ्या आणि नोकरीविषयक सेवांसह काही भारतीय ॲप प्ले स्टोअरवरून हटविण्यात आली. केंद्र सरकारच्या हस्तक्षेपानंतर काही दिवसांत ती परतली. या काळात ज्यांची स्वतःची संकेतस्थळे होती, त्यांचे नवीन ग्राहकांसाठीचे दार पूर्णपणे बंद झाले नाही.

म्हणूनच भविष्य एकाच मार्गाचे नाही. दररोजच्या आणि सुरक्षित व्यवहारांसाठी ॲप, तर शोध, प्रथम परिचय आणि क्वचित लागणाऱ्या कामांसाठी वेब, अशी विभागणी दृढ होत आहे. लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने ॲप ही जोड ठरू शकते. स्वतःच्या संकेतस्थळाची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.