अडीचकी आणि गुंठा

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही अपूर्णांकांच्या पाढ्यांची माळ जुन्या मराठी शाळेत पोरांकडून घोकून घेतली जाई. म्हणून ती शाळा निव्वळ पोपटपंचीची, असा शिक्का आपण मारून मोकळे होतो. तो अर्धाच खरा आहे. हे पाढे बाजारात रोज लागत. आण्याचे ४ पैसे. पैशांचे आणे करायचे तर पावकी. मण ४० शेरांचा धरला आणि शेराचा भाव सात आणे असला, तर मणाची किंमत अडीचकीने तोंडावर येई : साडेसतरा रुपये. कारण १६ आण्यांच्या रुपयात ४० आणे म्हणजे अडीच रुपये. पटवर्धनांच्या थोरल्या-धाकट्या पातींच्या कुरुंदवाड संस्थानांत, ती १९४८ साली विलीन होईपर्यंत आणि नंतरही काही वर्षे, व्यवहार याच आणे-पैशांत चाले. गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा बेरीज, एवढ्यावर हे पाढे भागत नव्हते. पाऊण वेळा बेरीज कोण करणार? ‘पट’ ही कल्पना त्यांत मुळातच होती.

पाढ्यांमागचा हा अर्थ मूठभर मुलांपुरताच होता, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. पंतोजींच्या शाळेत मुली जवळजवळ नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्यांना दार बंद होते; शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांना १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करावे लागले ते उगीच नव्हे. छडीच्या धाकाने पाठ झालेला पाढा प्रत्येकाला उमगला असेल, असेही नाही. पण दोष पाठांतराचा नव्हता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो-ग्रॅम आले आणि अडीचकीखालचा बाजारच सरकला. घोकंपट्टी उरली, तिचे कारण गेले.

कुरुंदवाडच्या मुलांच्या हाताशी मात्र एक माप अजून शाबूत आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या उसाच्या रानाची बोली गुंठ्यातच चालते. एकराचे ४० गुंठे, सव्वा एकराचे ५०, दीड एकराचे ६०. आणि चौरस आकाराच्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणून क्षेत्र १०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, मग मुलांना जुने माप कशाला, हा आक्षेप फार टिकत नाही : १०० चौरस मीटरचा आर गुंठ्याहून जेमतेम सव्वा चौरस मीटरने लहान. तेव्हा तिसरी-चौथीच्या गुरुजी-बाईंनी पाढा जरूर पाठ करून घ्यावा, पण त्याआधी पटांगणात फक्कीने एक गुंठा आखून त्यात सारखे चौकोन पाडावेत आणि मुलांना ते ओळीओळीने मोजायला लावावेत.